समतरला कशाने झालं

लदन फराह साथरोगांची अभ्यासक होती. विद्यापीठातल्या ज्या गटात ती काम करायची, त्या गटाकडे मुलांच्या लसींवर नजर ठेवायचं काम होतं. लस दिल्यावर कुणाला काय त्रास झाला, तो लसीमुळेच झाला की आपसूक, हे वर्षानुवर्षं तपासत राहायचं. कामात नाव व्हावं असं काही नव्हतं. पण लदनने त्यात आपली उमेदीची सगळी वर्षं घातली होती, आणि आता पन्नाशी ओलांडल्यावर तिला वाटायला लागलं होतं की आपण एकाच विहिरीतून एकच बादली वर काढतोय आणि परत आत सोडतोय.

एप्रिल निम्मा सरला होता. मिनियापोलिसच्या फुटपाथांच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग पडून होते. डॉ. होल्गरसननी, म्हणजे गटाच्या प्रमुख बाईंनी, तिला खोलीत बोलावून घेतलं आणि नवा अभ्यास मंजूर झाल्याचं सांगितलं. प्रश्न जुनाच होता. गोवराच्या लसीने मुलांना ऑटिझम होतो का?

लदन खुर्चीत बसली. या प्रश्नाचं उत्तर डेन्मार्कात सहा लाखांहून जास्त मुलं तपासून मिळालं होतं. इतरही देशांत मिळालं होतं. इंग्लंडमधल्या ज्या लेखापासून ही भीती पसरली, तो लेख छापणाऱ्या मासिकानेच मागे घेतला होता. खुद्द त्यांच्या गटानेही इथल्या मुलांची तपासणी करून तेच सांगितलं होतं. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच निघत होतं.

डॉ. होल्गरसनही थकल्या होत्या. त्या म्हणाल्या की लोकांना अजून पटत नाही, म्हणून वरून पुन्हा विचारणा झाली आहे. या वेळी आणखी मोठा अभ्यास करायचा, आणखी घरं घ्यायची. सोमाली घरांत जायला लदनशिवाय दुसरं कोण होतं? तिच्या शब्दाला तिच्या लोकांत वजन आहे, असं त्या मनापासून म्हणाल्या. लदनने मान हलवली. आपल्या सख्ख्या नणंदेच्या घरात आपल्या शब्दाला किती वजन आहे, हे काही तिने बाईंना सांगितलं नाही.

नणंदेचं नाव शुक्री. लदनचा नवरा गेदी शहराच्या बसवर ड्रायव्हर होता. शुक्री त्याची धाकटी बहीण. पण लदनची आणि तिची ओळख लग्नाच्याही आधीची. लढाई पेटल्यावर सोमालियातल्या मोगादिशूहून पळालेली दोन्ही कुटुंबं केनियात मोंबासाजवळच्या छावणीत शेजारी शेजारी तंबूत राहिली होती. दोघी एका चटईवर झोपायच्या. भावासाठी लदनला शुक्रीनेच हेरलं, आणि गेदीच्या आधी लदनचा होकार तिनेच मिळवला. अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्यात दोघींत मिळून बर्फातल्या बुटांचा एकच जोड होता. एक घरी आली की दुसरी बाहेर पडायची. त्या बुटांवरून त्या इतक्या हसायच्या की खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोकायची.

मग शुक्रीला समतर झाला. थोरल्या हिबाकच्या पाठीवर सहा वर्षांनी. गुटगुटीत, शांत मुलगा. वर्षाचा झाला तेव्हा आईला "होयो" म्हणायचा आणि पाण्याला "बिये". दीड वर्षाचा होता होता दोन्ही शब्द गेले. हाक मारली तर वळेना. पंख्याखाली आडवा पडून तासन्‌तास पात्यांकडे बघत राहायचा. डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं तेव्हा शुक्रीने दवाखान्यातूनच लदनला फोन केला होता. त्यांच्या भाषेत या गोष्टीला नावच नव्हतं, त्यामुळे तिला तो शब्द धड उच्चारताही येत नव्हता. आणि दुसऱ्याच वाक्यात तिने विचारलं होतं, "वहिनी, सुई टोचली त्याच्यानंतरच झालं ना गं हे?"

लदन तेव्हा नुकती शिकून बाहेर पडली होती. ती म्हणाली, "बघते."

त्या एका शब्दापायी तिने पुढची नोकरी धरली. दुसरीकडे जास्त चांगली मिळत असताना लसींच्या गटात आली. आणि खरंच बघत राहिली.

पहिल्या अभ्यासाचा निकाल लागला तेव्हा तो घेऊन ती आधी शुक्रीकडे गेली. शुक्रीने वेलदोडा घालून चहा केला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कशाने झालं? लदन म्हणाली, पूर्ण कुणालाच माहीत नाही. पण बरंचसं जन्माच्या आधीच ठरलेलं असतं असं दिसतंय, रक्तातून येतं. शुक्रीने कप खाली ठेवला. म्हणजे खोट माझ्याच पोटात, असं ती म्हणाली. लदनने तिला दहा प्रकारे समजावलं की तसं नव्हे. पण एकदा कानात शिरलेलं ते वाक्य काही केल्या बाहेर निघेना.

पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यातून काही माणसं आली. त्यांनी वस्तीतला हॉल भाड्याने घेतला, बायकांना जेवू घातलं, आणि सांगितलं की आयांनो, तुमची काही चूक नाही. हे तुमच्या लेकरांना कुणीतरी केलंय. त्या दिवशी शुक्री चारचौघांत पहिल्यांदा रडली. त्यातल्या एकाने तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही आकडा सांगितला नाही.

तेव्हापासून वस्तीतल्या घाबरलेल्या आया शुक्रीकडे जायला लागल्या. ती लबाड नव्हती. कुणाचं मूल बोलेना, कुणाचं खाईना, की शुक्री हातातलं काम टाकून त्या घरी जायची. खिडक्यांना आतून कड्या कशा बसवायच्या, अंघोळीला नाही म्हणणाऱ्याला पाण्यात कसं उतरवायचं, सगळं दाखवायची. आणि निघताना सांगायची, धाकट्याला ती सुई देऊ नका. कुणी गोवराचं काय म्हणून विचारलंच तर म्हणायची, "गोवर आम्हाला सगळ्यांना झाला होता. गोवर येतो आणि जातो. हा जात नाही."

असं करत करत नणंद-भावजयींचं बोलणं ईदच्या ताटापुरतं उरलं. ताट यायचं, ताट जायचं. गेदी एकदा जेवताना म्हणाला होता की तुम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून माझी मान दुखायला लागली. लदनने त्यावर उत्तर दिलं नाही. दिवसभर इतक्या लोकांना उत्तरं देऊन घरी आल्यावर तिच्यात त्राणच उरत नसे.

नव्या अभ्यासाची बातमी कळून आठवडाही झाला नसेल, शहरात गोवर निघाला. आधी एका पाळणाघरात दोन मुलं, मग दुसऱ्याच एका इमारतीत एक. शुक्रवारी दुपारी लदनला हिबाकचा फोन आला. हिबाकचं लग्न होऊन तिला आता चौदा महिन्यांची मुलगी होती, फिलसन. हिबाक हळू आवाजात बोलत होती. फिलसनला तीन दिवस ताप होता, डोळे लाल झाले होते, आणि आज सकाळी कानामागून पुरळ खाली उतरायला लागलं होतं.

"मामी, आईला सांगू नकोस हं, मी आधी तुला फोन केला ते."

लदनने विचारलं, श्वास कसा घेतेय. हिबाक म्हणाली, पोट आत ओढतेय. लदनने तिला सांगितलं की आत्ता निघ, पण निघण्याआधी हॉस्पिटलला फोन करून गोवर असल्याचं सांग, म्हणजे ते तुला वेगळ्या दाराने घेतील. लस दिली होती का हे तिने विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं. हिबाकलाही माहीत होतं की तिला माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत फिलसनच्या छातीत न्यूमोनिया झाल्याचं कळलं. तिला ऑक्सिजन लावला होता. हिबाकचा नवरा ट्रक चालवायचा, तो टेक्सासमध्ये होता आणि तिथून निघाला तरी यायला वेळ लागणार होता. हिबाक त्या बंद खोलीत एकटी होती.

दारावरची बेल वाजली तेव्हा लदनला वाटलं गेदी किल्ली विसरला. दारात शुक्री होती. तिच्यामागे समतर उभा होता, एकोणीस वर्षांचा, चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच, कानांवर मोठे हेडफोन. शुक्रीच्या हातात एक पिशवी होती. या दारात ती कित्येक वर्षांनी उभी होती.

"हिबाककडे जायला हवं. तिथे याला नेता येत नाही," शुक्री म्हणाली. "शाळेला सुट्टी आहे. माझ्याकडे दुसरं कुणी नाही."

"ये आत."

"आत येत नाही. ऐकून घे." मग ती एका दमात बोलत सुटली. पांढरं असेल तेच खातो. कंजेरोची आंबोळी, केळं, भात, पण भाताला दुसऱ्या कशाचा वास लागता कामा नये. मिक्सर लावायचा झाला तर आधी त्याला दाखवायचा. दाराला वरची कडी लाव, खालची त्याला उघडता येते. हात चावायला लागला तर ओढू नकोस, उशी दे. झोपेचं काही खरं नाही. एवढं बोलून ती थांबली, समतरच्या छातीवर हात ठेवला, आणि त्याच्याकडे न बघताच जिना उतरली. बघितलं असतं तर तो मागे धावला असता.

लदनने सुट्टी टाकली. तिला वाटलं होतं की आपण या विषयातले जाणकार आहोत. पहिल्याच दिवशी सगळी जाणकारी गळून पडली. समतरने सकाळी केळं खाल्लं, दुपारी तसंच दुसरं केळं भिंतीवर मारलं. काय बिनसलं ते कळेना. नंतर लक्षात आलं की सालीवर एक काळा डाग होता. तो घरभर फेऱ्या मारत राहिला, तीच वाट, तेच वळण, आणि ती वाटेत आली की तिला खांद्याने ढकलून पुढे जायचा. त्यात राग नव्हता. तिच्या जागी खुर्ची असती तरी त्याने तशीच ढकलली असती. संध्याकाळी तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ होते.

अंघोळीला तो तयारच होईना. लदन विनवण्या करून दमली. गेदी कामावरून आला, बूट काढले, तांब्या घेतला आणि समतरच्या पायांवर थोडं थोडं पाणी ओतत कुठलंतरी लहानपणीचं उंटांचं गाणं म्हणायला लागला. समतर स्वतःहून नळाखाली जाऊन बसला.

लदन दारात बघत राहिली. हे तुला कुठून येतं, असं तिने विचारलं. गेदी म्हणाला की रविवारी जातो ना मी त्यांच्याकडे. कधीपासून म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, पहिल्यापासून. लदनला तो रविवारी बाहेर जातो एवढं माहीत होतं. मित्रांकडे जात असेल असं तिने धरलं होतं, कारण रविवारी ती स्वतः आकडेमोड घेऊन बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी ती चहा गाळायला वळली आणि समतर निसटला. वरची कडी लावायला तीच विसरली होती. ती अनवाणी जिने उतरत गेली, रस्त्यावर आली, दोन्ही बाजूंना बघितलं. गाड्या भरधाव जात होत्या. हाक मारून उपयोग नव्हता, तो वळला नसता. इमारतीला वळसा घालून ती मागच्या दाराने तळघरात शिरली. तिथे सगळ्यांच्या कपडे धुण्याची यंत्रं होती. समतर एका यंत्रासमोर मांडी घालून बसला होता. काचेआड कुणाच्यातरी चादरी गरगरत होत्या आणि तो त्यांच्या लयीत गुणगुणत होता. लदन त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली.

कपडे काढायला आलेल्या एका सोमाली बाईने तिला ओळखलं. "तुम्ही त्या लसवाल्या ना?" तिने समतरकडे बघितलं. "हा तुमचा?"

"आमचाच," लदन म्हणाली.

बाईने आपलं यंत्र रिकामं झालं होतं तरी त्यात एक टॉवेल टाकून ते पुन्हा सुरू करून दिलं आणि गेली.

तिथे बसल्या बसल्या लदनला आपण घरोघर विचारलेले प्रश्न आठवले. जन्माच्या वेळी वजन किती. पहिला शब्द कधी. लस कोणत्या तारखेला. तारखेच्या आधी किती, नंतर किती. ते प्रश्न चुकीचे नव्हते, ते विचारल्यावाचून खरं-खोटं कळलं नसतं. पण याला अंघोळ कोण घालतं, तुम्ही शेवटच्या कधी सलग झोपलात, तुम्ही गेल्यावर याचं कोण, हे तिने कुणालाच कधी विचारलं नव्हतं. त्यासाठी रकाना नव्हता. आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली आणि तिने ती मनातच ठेवली. शुक्रीच्या घरातल्या या दोन धाकट्यांत, समतर आणि फिलसनमध्ये, ती सुई टोचलेला आणि म्हणून गोवरापासून सुरक्षित असा एकटा समतरच होता.

चौथ्या दिवशी फिलसनचा ऑक्सिजन काढला. हिबाकचा नवरा पोचला होता. शुक्री दुपारी लदनकडे आली, या वेळी आत आली, आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपी गेली. समतर तिच्या पायाशी येऊन बसला आणि तिच्या बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. तासाभराने ती जागी झाली तेव्हा लदनने चहा पुढे केला. दोघी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसल्या.

"बोल ना," शुक्री म्हणाली. "केव्हाची थांबलीयस."

"काय बोलू?"

"मी सांगितलं होतं, असं म्हण. एकदाचं म्हणून मोकळी हो."

"नाही म्हणायचं मला."

शुक्रीने चहात साखर घातली आणि ढवळत राहिली. "डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लस का दिली नाही. मी तिथेच उभी होते. हिबाकने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, माझा निर्णय होता. माझी पोर माझ्यासाठी खोटं बोलली, वहिनी. मी तिला असं वाढवलं नव्हतं."

लदनने टेबलावरून हात पुढे केला, पण शुक्रीने तो बघितला नाही, किंवा न बघितल्यासारखं केलं.

"एक खरं सांगशील? एवढी वर्षं बघितलंस. एकदाही वाटलं नाही तुला, की असेल बाई ही म्हणते तसं?"

"सुरुवातीला रोज वाटायचं," लदन म्हणाली. "मला ते सापडायलाच हवं होतं. सापडलं असतं तर तुझ्या घरी येऊन सांगितलं असतं, हे बघ, हे आहे. तुला काहीतरी देता आलं असतं. मी आकडे उलटेपालटे करून बघितले. नाही सापडलं गं. मी नीट शोधलं. तुझ्यासाठी शोधलं."

बाहेरच्या खोलीत समतरच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मी आकडेच घेऊन यायचे."

"आकडेच घेऊन यायचीस," शुक्री म्हणाली. तिला किंचित हसू आलं आणि तेवढ्यात तिचे डोळेही भरले. "माझ्या हातून ती सुई काढून घेतेस ना, तर तिच्या जागी काहीतरी ठेव. दुसरं काही असेल तर दे. इतकी वर्षं मी तिच्यावर राग काढून दिवस काढले. तीही गेली तर मी रागवायचं कुणावर? देवावर?"

लदनने खरंच विचार केला, काही सुचतंय का म्हणून, आणि शेवटी म्हणाली, "रविवारी त्याला माझ्याकडे पाठव."

"गेदी येतो की रविवारी."

"मग शनिवारी. तू झोप."

"हे काय, संशोधन का?"

"नाही. शनिवार."

शुक्रीने नाक पुसलं आणि चहा संपवला.

फिलसन घरी आली, पण तिच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं हे पुढे तपासणीत कळलं. गोवरानंतर कानाला इजा होते कधीकधी. डॉक्टर म्हणाले, एका कानावर निभेल. उन्हाळ्यात हिबाक तिला लस द्यायला घेऊन गेली. गोवर होऊन गेला होता, पण त्याच सुईत गालगुंड आणि रुबेलाही असतात, ते तिला टाळायचे होते. तिने लदनला बरोबर बोलावलं. शुक्रीही गाडीतून आली, समतरला घेऊन मागच्या सीटवर बसून राहिली. आत आली नाही. परत निघाल्यावर तिने फिलसनला मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत पोरीच्या मांडीला सुईच्या जागी लावलेल्या छोट्या पट्टीवर हात ठेवून बसली.

आपण चुकलो असं शुक्रीने कधीही म्हटलं नाही. दुसऱ्या राज्यातली माणसं शरद ऋतूत पुन्हा आली आणि तिला हॉलमध्ये बोलायला बोलावलं, तेव्हा तिने कामं आहेत म्हणून सांगितलं. आयांच्या घरी जाणं तिने सोडलं नाही. कड्या, पाणी, भात, शाळेचे अर्ज, सगळं सांगायची. लसीचं विचारलं की मात्र म्हणायची, ते मला नाही कळत, माझ्या वहिनीला विचारा. त्यावरून काही बायका तिच्यावर बिथरल्या. वहिनीने हिला फितवलं, असं बोललं गेलं. तिच्या जुन्या मैत्रिणींतली एक लग्नात समोर आली आणि तोंड फिरवून गेली. शुक्रीने ते लदनला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, शनिवारी समतरला आणून सोडताना, बुटावरचं बर्फ झटकता झटकता.

लदनने नवा अभ्यास नाकारला नाही. शाळा संपल्यावर या मुलांचं काय होतं हेही त्यात विचारू या, असं तिने डॉ. होल्गरसनना सुचवलं. बाईंनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. वरून उत्तर आलं की तो या अभ्यासाचा विषय नाही. मग लदन पुन्हा घरोघर फिरली, वजनं, शब्द आणि तारखा गोळा केल्या. निकाल लागायला जवळजवळ दोन वर्षं गेली. तो पूर्वीसारखाच निघाला. एक दिवस बातम्यांत आला, दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली. शाळेनंतरच्या आयुष्यावरचा अभ्यास तिने स्वतंत्र लिहून पाठवला, तो परत आला, तिने दुरुस्त करून पुन्हा पाठवला. समतर एकवीस वर्षांचा झाला आणि त्याला न्यायला येणारी शाळेची बस यायची बंद झाली. मोठ्या मुलांच्या दिवसभराच्या केंद्रात नाव घातलं होतं, पण पुढे बरीच माणसं होती. लदनने बुधवारही आपल्याकडे घेतला.

त्या वसंतात शुक्रीने पाठवलेली एक तरुण आई तिच्याकडे आली. सगल तिचं नाव. थोरला मुलगा चार वर्षांचा, बोलत नव्हता, धाकटा सव्वा वर्षाचा. लदनने चहा ठेवला आणि आधी तिला विचारलं की तू झोपतेस का. सगल बराच वेळ थोरल्याबद्दलच बोलली. मग लदनने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगितलं, कुठे काय तपासलं, काय सापडलं नाही, काय अजून माहीत नाही. लसीचा त्रास होतच नाही असंही ती म्हणाली नाही. साधारण आठवड्याने ताप येऊ शकतो, अंगावर थोडं पुरळ येऊ शकतं, क्वचित तापात झटका येतो, तो बघायला भयंकर वाटतो पण सहसा त्यातून काही राहत नाही. सगलने ऐकलं, नवऱ्याशी बोलते म्हणाली, आणि दोन्ही मुलांना घेऊन गेली. लदनने कप विसळले. अशा कितीतरी जणी ऐकून जायच्या आणि पुढे काय झालं ते कळायचं नाही.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी सगलचा फोन आला. धाकट्याला लस देऊन आठ-नऊ दिवस झाले होते आणि त्याचं अंग तापलं होतं. ती रडत नव्हती, पण शब्द एकमेकांत अडकत होते. लदनने औषध किती दिलं ते विचारून घेतलं, दवाखान्यात फोन करायला लावला, आणि मग न राहवून स्वतःच गेली. तो बुधवार होता. समतरला गेदीकडे सोपवलं. सगलच्या घरी ती जमिनीवर गादीशेजारी बसून राहिली. थोरला खिडकीशी उभा राहून काचेवर बोट घासत होता. सगल थोड्या थोड्या वेळाने धाकट्याला नावाने हाक मारून बघत होती, आणि तो दर वेळी डोळे किलकिले करून तिच्याकडे वळत होता. पुन्हा हाक, पुन्हा तेच. लदनने तिला थांबवलं नाही.

दुपारी ताप उतरला. पोर उठून बसलं आणि पाण्याचा कप मागून घेऊन निम्मं पाणी गादीवर सांडलं. लदन घरी जायला निघाली तेव्हा तिची कंबर धरली होती. बसस्टॉपवर उभी असताना शुक्रीचा फोन आला.

"उतरला का?"

"उतरला."

"बरं," शुक्री म्हणाली, आणि फोन ठेवला.